घोटानंतरचा ‘आ’

थोरल्या भावाला तो चहा मी पाजला होता. ही गोष्ट मी अनेक वर्षे कोणाला सांगितली नाही. आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवी होती, त्या बाईंना तर त्यांनी विचारल्यावरही सांगितली नाही.

बाई कर्करोगाच्या इस्पितळात तळमजल्यावर बसत. जिभेची, जबड्याची, घशाची शस्त्रक्रिया झालेल्यांना पुन्हा बोलायला आणि गिळायला शिकवणे हे त्यांचे काम. त्यांची लकब तुमच्याही लक्षात राहिली असती. चमचाभर पाणी देऊन त्या म्हणत, “हनुवटी खाली. गिळा.” मग डोळे मिटून कान रुग्णाच्या गळ्याशी नेत. “आता ‘आ’ म्हणा.” आवाज कोरडा आला तर घोट पोटात गेला, ओला, गुरगुरता आला तर तो श्वासनळीच्या तोंडाशी अडकला.

दुपारी सुजलेले पाय स्टुलावर ठेवून त्या स्वतःचा चहासुद्धा हनुवटी छातीला टेकवून पीत आणि हळूच ‘आ’ करून पाहत. मला एकदा हसू आले.

“हसून काहून राहिले दादा? सवय लागली आता.”

भाऊ नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात फिटर होता. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी त्याची अर्धी जीभ गेली. चहाची तल्लफ मात्र राहिली. पातळ घोट छातीत उतरण्याचा धोका होता, म्हणून बाई त्याला पावडर घालून घट्ट केलेला चहा देत.

“मॅडम,” तो बोबड्या उच्चारात म्हणे, “हा चहा होय का पोस्टर चिकटवाची खळ?”

“खळच समजा काका. पातळ घेतला त छातीत जाईन, मंग मले बोलू नका.”

एका सकाळी नर्सांची पाळी बदलत असताना त्याने माझा हात धरला. “एक घोट दे गा. खरा चहा. मले माणसासारखं वाटू दे.” मी समोरच्या टपरीवरून चहा आणला. तो घटाघटा प्यायला. मग खोकला आला, थांबेचना. मी कागदी पेला चुरगळून खिशात घातला.

दोन दिवसांत न्यूमोनिया झाला. बाईंनी मला बाजूला घेतले.

“बाहेरचं काही पाजलं का दादा? रागावत नाही मी. फक्त सांगा.”

“नाही, मॅडम.”

त्यांनी ते खरे मानले. राउंडला मोठे डॉक्टर सर्वांसमोर कडाडले, “इतक्या लवकर तोंडानं खाणंपिणं सुरू करायला कोणी सांगितलं?” बाई म्हणाल्या, “माझाच अंदाज चुकला, सर.” मी तेव्हा भावाची चादर सारखी करत होतो.

भाऊ त्या दुखण्यातून उठला. बाईंचा हात मात्र कचरू लागला. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त गुरुजी होते. त्यांचा ‘आ’ मलाही कोरडा ऐकू येई. बाई पुन्हा पुन्हा ऐकत आणि म्हणत, “अजून थोडं थांबू, गुरुजी.” नाकातली अन्नाची नळी तशीच राही. गुरुजी पाण्याच्या पेल्याकडे पाहत पडून राहत. बाईंचा स्वतःच्या कानावरचा विश्वास उडाला होता, आणि तो का उडाला हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघा भावांना ठाऊक होते.

पुढे आजार उलटला आणि भाऊ गेला. आता सांगून कोणाचे काय भले होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

गेल्या महिन्यात अखेर तळमजल्यावर गेलो. बाईंचे केस पिकले होते. एका रुग्णाच्या गळ्याशी कान नेऊन त्या दमलेल्या आवाजात म्हणत होत्या, “अजून एकदा. अजून एकदा.” तो रुग्ण उठून गेल्यावर त्यांनी मला ओळखले, भावाची चौकशी केली. तो वारल्याचे मी सांगितले. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

“तेव्हा माझ्याच हातून घाई झाली, दादा. अजून डोक्यातून जात नाही ते.”

मी स्टूल त्यांच्याजवळ ओढले. मला काही बोलायचे आहे हे त्यांनी ओळखले असावे. सवयीने डोळे मिटून त्यांनी कान माझ्याकडे केला.

“मॅडम, तुमचा अंदाज बरोबर होता. तो पातळ चहा मी पाजला, आणि तुम्ही विचारलं तेव्हा खोटं बोललो. मला माफ करा.”