देवाच्या माथी मारलेली चूक

प्रार्थनेत माझा आवाज पहिल्यांदा अडला तो दिवस मला अजून आठवतो. कोल्हापुरातल्या आमच्या मिशनच्या दवाखान्यात रोज सकाळी ओपीडी उघडायच्या आधी मोठ्या व्हरांड्यात सगळे जमायचे. सिस्टर, वॉर्डबॉय, झाडलोट करणाऱ्या मावश्या आणि बाकांवर बसलेले पेशंट, मग ते कुठल्या का देवाचे असेनात. चर्चचे पाळकसाहेब गावाला गेले की प्रार्थना मी चालवायची, कारण त्या काळात, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, वॉर्डातल्या सिस्टरची मी तिथली प्रशासक झाले होते. त्या सकाळी प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही देवाच्या इच्छेची ओळ आली आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. बाकीचे पुढं म्हणत गेले. मी नुसती ओठ मिटून उभी राहिले. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण हे का झालं ते मला पक्कं ठाऊक होतं.

आदल्या दिवशी आमचा जीप ड्रायव्हर बाबूराव गगनबावड्याकडून परतला होता. दरवर्षी थंडीत आम्ही मोतीबिंदूचं शिबिर घ्यायचो आणि त्याची नावं भाद्रपदातच गोळा करायचो. बाबूरावनं यादी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की बाकी सगळे येतायत, फक्त हौसाबाई नको म्हणते. हौसाबाई म्हणजे घाटमाथ्याजवळच्या एका वाडीवरची सत्तरीची म्हातारी. मागच्या शिबिरात तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आमच्याकडं झालं, डोळ्यात पू झाला आणि तो डोळा कायमचा गेला. आता डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आला होता. ऑपरेशन झालं नाही तर वर्षभरात तिला काहीच दिसणार नव्हतं. बाबूरावनं तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

"म्हातारी म्हणती, त्या मोठ्या बाईंनीच सांगितलंय, देवाची मर्जी हाय म्हणून. मग दुसरा डोळा तरी कशाला फाडून घेऊ?"

ती मोठी बाई म्हणजे मी.

आता सांगायलाच बसले आहे तर सगळं सांगते. मी स्वभावानं तापट. सिस्टर लोक मला माघारी मिरची म्हणायच्या आणि खरं तर मला त्याचा थोडा अभिमानच होता. त्या शिबिराच्या दोन दिवस आधी ऑपरेशन थिएटरची रिबेका सिस्टर माझ्याकडं आली होती. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायच्या यंत्राचा काटा अडकतोय, त्याचा भरवसा धरता येत नाही, शिबिर पुढं ढकला, असं तिनं सांगितलं. गावोगावी निरोप गेलेले, जीप ठरलेली, डॉक्टर येऊन बसलेले. मी तिच्यावर खेकसले. दहा मिनिटं जास्त ठेव म्हणाले, एवढं काय आभाळ कोसळतंय! ती मान खाली घालून गेली. बाकीच्यांचे डोळे सुधारले. हौसाबाईचा गेला. नंतर यंत्र उघडून बघितलं, तर दाब पुरेसा चढतच नव्हता.

आमच्या विश्वस्तांच्या अध्यक्षांनी मला बसवून समजावलं. हे बाहेर गेलं तर दवाखान्याचं नाव जाईल, लोक यायचे थांबतील, मग गरिबानं जायचं कुठं? बोलणं दुष्टपणाचं नव्हतं, म्हणून तर ते मला पटलं. मी हौसाबाईच्या खाटेशी गेले, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, आजी, देवाची इच्छा. बिचारीनं उलट माझीच समजूत काढली. स्वतःच्या चुकीचं खापर मी देवाच्या डोक्यावर फोडलं, आणि सांगायला लाज वाटते, त्या दुपारी मला झोपही छान लागली.

प्रार्थनेत आवाज अडला, त्यानंतर मात्र मला कशात गोडी वाटेना. फायली उघडायच्या आणि मिटायच्या. दुपारी ऑफिसात बसल्या बसल्या डुलकी लागायची आणि वाटायचं, व्हरांड्यात कुणीतरी भिंत चाचपत चाललंय. उठून बघावं तर कुणी नाही. मी देवाला म्हणायची, तूच त्या म्हातारीचं मन वळव. पण मन वळायला तिला खरं कळायला हवं होतं, आणि ते मी सोडून कुणी सांगणार नव्हतं. चौथ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला, कुणाला न विचारता रंकाळा स्टँडवर गेले आणि गगनबावड्याची एसटी धरली.

साळवणच्या पुढं धुकं सुरू झालं. खिडकीबाहेरचे डोंगर आधी निळे झाले, मग पांढरे, मग उरलेच नाहीत. कंडक्टरनं एका फाट्यावर मला उतरवलं, गाडी दहा पावलांवर दिसेनाशी झाली आणि मी एकटी उरले. पाऊस नव्हता, पण साडी अंगाला चिकटत होती. आवाज आपल्या जवळून येतोय का लांबून, तेही कळेना. रस्ता कुठला आणि गवत कुठलं? खरं सांगते, मी भ्याले. धुक्याला कमी आणि त्या म्हातारीच्या तोंडाला जास्त भ्याले. मनाशी म्हटलं, वाट दिसत नाही हीसुद्धा देवाचीच खूण असेल, परत फिरावं. बघा, परत त्याचंच नाव घ्यायला मी तयार!

तेवढ्यात घंटेचा आवाज आला. एक म्हैस आणि तिच्यामागं डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं घेतलेला एक माणूस धुक्यातून पुढं आला. इरल्याखाली त्याचं तोंड काही नीट दिसलं नाही. मी त्याला विचारलं, कोल्हापूरची गाडी कुठं थांबते.

"गाडी मिळंल की मागनं," तो म्हणाला. "हौसाबाईकडं आलाय न्हवं? चला."

मी तिचं नाव काढलं नव्हतं. तो म्हशीला हाकत पुढं निघालासुद्धा आणि माझे पाय त्याच्यामागं चालायला लागले. किती वेळ चाललो, मला सांगता यायचं नाही. मला फक्त घंटा ऐकू येत होती आणि पायाखालची लाल माती दिसत होती. कितीतरी दिवसांनी माझ्या मनात काही जुळवाजुळव चाललेली नव्हती. एका ओसरीपाशी तो थांबला, हातानं दार दाखवलं आणि तसाच पुढं गेला. नंतर मी हौसाबाईच्या सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, या वक्ताला हिकडनं म्हसरं कुणी न्हेत न्हाय. असेल कुणी. दवाखान्याच्या पांढऱ्या साडीतली बाई बघून कुणालाही अंदाज आला असता. मी त्यावर वाद घालत नाही, पण तो आला नसता तर मी परत गेले असते, हे मला माहीत आहे.

सुनेनं अंग पुसायला कापड दिलं, कोरा चहा दिला. हौसाबाई चुलीपाशी बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं विसरून गेले होते.

"आजी," मी म्हणाले, "तुमचा डोळा देवानं नेला नाही. माझ्यामुळं गेला."

मग यंत्राचं, काट्याचं, रिबेकानं सांगितल्याचं आणि मी खेकसल्याचं सगळं सांगितलं. ती हललीसुद्धा नाही. म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. चुलीतलं लाकूड तडतडत होतं. सुनेनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता ही मला हाकलून देणार, आणि दिलं असतं तर ते बरोबरच झालं असतं.

हौसाबाई उठली. भिंत चाचपत कोनाड्यातल्या देवापाशी गेली. सुनेकडून तेल मागून घेतलं, हातानं वात चाचपली आणि दिवा लावला. मग कपाळ टेकून म्हणाली, "चुकलं बाबा माझं. तुझं काय न्हवतंच त्यात."

मग माझ्याकडं वळली. "आठ म्हयनं झालं, मी त्येच्याशी बोलले न्हाय. दिवा लावला न्हाय. डोळा गेला त्येचं आसू दे, बाई. पर देवाला मधी का घातलंस?"

मी ढसाढसा रडले. मी तिचा एक डोळा घालवला होता, एवढंच मला माहीत होतं. तिचा देवही मी तिच्यापासून तोडला होता, हे मला त्या दिव्यासमोर कळलं. ज्याचा काही दोष नव्हता त्याच्याशी ती आठ महिने अबोला धरून होती. आणि तिनं त्याची माफी माझ्याआधी मागितली.

निघताना तिनं अट घातली. ज्या बाईचं मी ऐकलं नव्हतं, त्या रिबेकानं हत्यारं बरोबर आहेत म्हटलं, तरच ती ऑपरेशनला येणार होती.

दुसऱ्या दिवशी मी विश्वस्तांसमोर सगळं बोलून टाकलं. माझी खुर्ची गेली आणि मी परत वॉर्डात आले. त्याचं वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? पण जाण्याआधी एक नियम मात्र मी त्यांच्याकडून मान्य करून घेतला. हत्यारांची जबाबदारी जिच्यावर, ती सिस्टर हो म्हणेपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून ऑपरेशन सुरू करायचं नाही. लोक दवाखान्यात यायचे काही थांबले नाहीत. थंडीत नवीन यंत्र आलं आणि बाबूरावच्या जीपमधून हौसाबाईही आली.

आमच्याकडं भूल द्यायच्या आधी पेशंटसाठी प्रार्थना करायची रीत आहे. रिबेका आतून आली, हौसाबाईच्या कानाशी वाकून म्हणाली, आजी, मी स्वतः बघितलंय, सगळं बरोबर आहे. पाळकसाहेब पुढं आले, तर म्हातारी म्हणाली, ती बाई कुठं हाय, तिलाच म्हणू दे. मला वॉर्डातून बोलावून घेतलं. मी तिच्या कपाळावर हात ठेवला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"म्हण," ती म्हणाली. "पर आपलं काय त्येच्या माथी मारू नगंस."

त्या दिवशी मी देवाच्या इच्छेची ओळ म्हटली आणि माझा आवाज अडला नाही.

डोळा चांगला झाला. पट्टी सोडल्यावर तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, मला वाटलं, तू चांगली धिप्पाड असशील. आम्ही दोघी हसलो. ती आता नाही, आणि मीही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. देवावर सोडणं म्हणजे काय, हे मी पुष्कळ प्रवचनांत ऐकलं होतं, पण आपलं जे आहे ते आधी आपण उचलायचं असतं, हे मला एका कोनाड्यातल्या दिव्यासमोर शिकायला मिळालं. प्रभूनं मला धुक्यातून तिथवर नेलं, याचे आभार मी रोज मानते. अजूनही सकाळी त्या ओळीपाशी आले की क्षणभर थांबते, माझं काही त्याच्या माथी मारलेलं नाही ना, एवढं बघते, आणि मग पुढं म्हणते.