गवंड्याचं चॅपेल

शाळेच्या कुंपणाला खेटून एक चॅपेल होतं. एवढंसं, की दहा माणसं आत शिरली तर अकराव्यानं दारातूनच हात जोडावेत. ते कुणा धर्मगुरूनं बांधलं नव्हतं की कुणा श्रीमंतानं. शाळा बांधणाऱ्या मजुरांनी उरल्यासुरल्या विटांतून ते उभं केलं होतं, आणि त्यातले एकच गवंडी अजून हयात होते. त्यांना सगळे ओळंबाकाका म्हणत. भिंत सरळ उठतेय की नाही ते पाहायला दोरीला वजन बांधून सोडतात तो ओळंबा. काकाही तसेच, ताठ आणि मुके.

शाळा मोठी आगळी. तिथं छडी नव्हती, परीक्षा नव्हती, पहिला नंबर नव्हता आणि देवही नव्हता. शाळा काढणाऱ्या बाई म्हणायच्या, मुलांनी आपला देव आपण शोधावा, नाहीच सापडला तर तसंही चालेल. पण बांधकाम चालू असताना काकांचा धाकटा भाऊ परांचीवरून पडून गेला. मजुरांनी त्याच्यासाठी प्रार्थनेला जागा मागितली, तेव्हा बाईंनी कुंपणाबाहेरचा तुकडा दिला. बाहेरचा हं, आतला नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व! पण मग चुन्याची घमेली वाहायला त्याच सगळ्यांच्या पुढे होत्या.

पुढे बाई गेल्या, मजूर पोटामागे पांगले. राहिले काका आणि काकू. दोघं रोज संध्याकाळी चॅपेलच्या शेवटच्या बाकावर बसत. देवाशी जे काय बोलायचं ते काकू बोलत, नवऱ्याच्या वाट्याचंसुद्धा. "ह्यांच्याकडूनही नमस्कार घे रे बाबा. हे स्वतः तोंड उघडतील असं तुझंही नशीब दिसत नाही." काका गालातल्या गालात हसत.

काकांच्या वडिलांच्या घरी चारचौघांत 'नको' म्हणायची रीत नव्हती. एखादी गोष्ट मनाविरुद्ध असली की मान खाली घालायची आणि गप्प बसायचं. मोठे काय ते ओळखत, पाऊल मागे घेत. काकांचा नकार आयुष्यभर तसाच राहिला. काकूंना तो दुसऱ्या खोलीतूनही ऐकू यायचा. "बरं बाई, नाही जात आपण लग्नाला. एवढं ओरडायला नको!" असं त्या म्हणत, आणि काकांनी तर ब्रही काढलेला नसे.

काकू गेल्या आणि घर खायला उठलं. तिथं काकांच्या तोंडून शब्द फुटेना. पण चॅपेलमधल्या बाकावर काकूंची जागा सोडून बसलं की त्यांना बोलता यायचं. गुडघे दुखतात, चहा धड जमत नाही, तू फार घाई केलीस. जन्मभराचं राहिलेलं बोलणं ते तिथं तिच्यापाशी बोलत होते.

अशात शाळेला संगीताची खोली हवी झाली. जमीन शाळेचीच होती, तेव्हा चॅपेलचा विषय सभेत आला. शाळेची सभाही आगळीच. मुख्याध्यापक, स्वयंपाकीण, माळी, पहिलीतलं पोर, सगळे गोल करून जमिनीवर बसत. एकानं जरी 'नको' म्हटलं तरी ठराव तिथंच बारगळे.

मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी काकांनाही सभेला बोलावून घेतलं. ते म्हणाले, "काका, ते तुमच्या हातचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर विषय संपला. सावकाश सांगा."

काकांनी मान खाली घातली आणि ते गप्प बसले. इतके गप्प ते उभ्या जन्मात बसले नव्हते. एवढी शिकलीसवरलेली माणसं, एव्हाना उमगलं असेल, असं त्यांना वाटत होतं. मुलंसुद्धा शहाण्यासारखी थांबून राहिली.

"म्हणजे कुणाचीच हरकत नाही," मुख्याध्यापक आनंदानं म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

वर मोठ्या मायेनं त्यांनी काकांना मान दिला. मागची भिंत काढून तिथं खिडकी करायची होती, तर पहिला घाव काकांनीच घालावा! काकांनी छिन्नी लावली, हातोडा उचलला. आता तरी कुणी थांबवील म्हणून क्षणभर तसेच राहिले. कुणी थांबवलं नाही. त्यांचाच चुना होता, लवकर सुटेना.

खोली तयार झाली. बाक गेले, पेटी आली, मुलं गायली. मुख्याध्यापकांनी काकांचा हात हातात घेतला. "काय काका, खूश ना?"

"मला नको होतं हे," काका म्हणाले.

मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? तुमच्या एका शब्दानं सगळं थांबलं असतं!"

"नकोच तर म्हणत होतो. सगळ्यांसमोर. किती वेळ."

मुख्याध्यापकांना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसे त्यांचे डोळे भरून आले. "उद्याच सभा बोलावतो. भिंत पुन्हा बांधू."

"राहू द्या. पोरं गातायत."

काका घरी आले आणि खाटेच्या एका कडेला बसले. "अगं, मी त्यांना नको म्हटलं होतं," ते मोठ्यानं म्हणाले. काकू असत्या तर भर सभेत ताडकन उठल्या असत्या. "ह्यांना नकोय ते! एवढं ओरडून सांगतायत, ऐकू येत नाही का तुम्हाला?" त्यांचा तो आवाज काकांना अगदी जवळून आठवला. मग मात्र त्यांना रडू आवरेना.