डबी दे, मोकळी हो

“आडनाव काय तुमचं?”

पंप तोंडातून काढून मी औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवतच होते, तेवढ्यात त्यानं विचारलं. दिग्रसजवळच्या गावातला मोठा शेतकरी. सोबत त्याची म्हातारी आई, दम्याची. डॉक्टरांनी तिला ओढायच्या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. या कॅप्सूल गिळायच्या नसतात. पंपात घालायच्या, पंप फिरवायचा, तोंडात धरायचा आणि जोरात श्वास ओढायचा. नुसतं सांगून कोणाला समजत नाही. म्हणून शिकवायला मी माझा वेगळा पंप ठेवला होता, रिकामी कॅप्सूल घालून स्वतः ओढून दाखवायची. म्हातारी मन लावून बघत होती. “आखीन येकडाव दाखव वं माय,” असंही म्हणाली होती.

मी आडनाव सांगितलं. आमच्याकडे आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं. शेंबड्या पोरालाही हे कळतं.

त्याचा चेहरा बदलला. आईसाठी काढलेली नवी डबी कोरी होती, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. ती त्यानं बोटाच्या टोकानं माझ्याकडे सरकवली.

“हे नको. मालक, दुसरी द्या. तुमच्या हातानं द्या.”

मालक उठले. तीच डबी घेऊन आत गेले आणि तीच डबी घेऊन बाहेर आले. स्वतःच्या हातानं दिली. गिऱ्हाईक खूश. खरं तर मला हसू यायला हवं होतं. पण मी ॲप्रनच्या खिशात हात घालून उभी राहिले आणि माझे कान तापत गेले.

मायलेक गेल्यावर मालक म्हणाले, “उद्यापासून तोंड लावून दाखवत नको जाऊ. गिऱ्हाईक तुटते. डबी दे, मोकळी हो.”

मी भांडायला हवं होतं. त्या दुकानात फार्मसी शिकलेली मी एकटी. भिंतीवर सर्टिफिकेट माझं, दुकान चालतं ते त्याच्यावर. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कोणी मान खाली घातली नाही, असं मी मैत्रिणींना मोठ्या तोंडानं सांगायची. आणि मी काय केलं? शिकवायचा पंप कागदात गुंडाळून खालच्या खणात टाकला. रुसले. हो, रुसलेच. मरा तिकडे, नाही दाखवत. जणू माझ्या रुसण्यानं त्या माणसाचं काही बिघडणार होतं. त्याची आई तर शिकून गेली होती.

पुढे ओढायच्या कॅप्सूल घ्यायला जो आला, त्याला मी डबी दिली. “दिवसातून दोनदा.” झाले मोकळी.

शांताबाई आमच्याच वस्तीतल्या. जिनिंगमध्ये कापूस वाहायचं काम. नाकातोंडात रुई जाऊन जाऊन छाती बसलेली. मी परीक्षा पास झाले तेव्हा “आपली पोरगी दवाईवाली झाली” म्हणून त्यांनीच विहारासमोर साखर वाटली होती. त्या आल्या तेव्हा दुकानात गर्दी होती. नाही, खोटं कशाला बोलू, फार नव्हती. मी त्यांनाही डबी आणि सोबतचा पंप दिला, “दिवसातून दोनदा” म्हणाले आणि पुढच्या चिठ्ठीला हात घातला.

कापसाचा हंगाम सरता सरता त्या पुन्हा आल्या. पायरीवरच बसल्या. बोलायला दम पुरत नव्हता.

“मुकादमानं काढलं मले. म्हने, लय खोकून राह्यली. पोरी, येक बी कॅप्सूल नाई चुकवली मी.”

“कशी घेता, काकू?”

“पाण्यासंगं. सकायी येक, सांजीले येक.”

“आणि पंप?”

“थे नातीनं घेतलं खेयाले. मले काय मालूम, थे कायचं हाये!”

मी सांगितलं, ती गिळायची नव्हती. त्या रागावल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

“तुले मालूम होतं ना? मंग काहून नाई सांगतलं?”

अपमान कोणी केला आणि राग मी कोणावर काढला! चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या माणसानं माझ्या हातची डबी नाकारली होती. मी तर माझ्याच माणसाचा श्वास अडवला. मला माझीच किळस आली.

मी खालचा खण उघडला. पंप काढला, पुसला, रिकामी कॅप्सूल घातली. दुकानात माणसं उभी होती. मालक हळूच म्हणाले, “आत ने तिले. इथं नको.”

“इथंच दाखवणार. तोंड लावूनच दाखवणार. नसेल चालत, तर भिंतीवरचं माझं सर्टिफिकेट काढून द्या. आत्ता.”

मालकांनी भिंतीकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले. मी पंप ओढला, आत कॅप्सूल भिरभिरली. शांताबाईंना नवा पंप दिला. पहिल्यांदा नुसता खोकलाच आला. मग जमलं.

जिनिंग आता बंद आहे. पुढच्या हंगामात मुकादम त्यांना घेईल की नाही, कोणास ठाऊक. बसलेली छाती सगळी परत येत नाही, हे मला ठाऊक आहे, आणि तेही मी त्यांना सांगितलं. माफी मात्र मागितली नाही. मागितली असती तर त्यांनी दिली असती आणि मी पुन्हा मोकळी झाले असते.

शिकवायचा पंप आता खणात नसतो. काउंटरवर असतो, येणाऱ्याला आधी तोच दिसेल असा. ज्याला माझं आडनाव विचारायचं आहे, त्यानं खुशाल विचारावं. आधी मी पंप ओढून दाखवीन. मग आडनाव सांगीन.