सात पूर्वजांची नावं

“माझी नात मुकी नाही.”

“मुकी म्हणालेच नाही मी, झुराकाकू. वर्गात सात महिने तिनं तोंड उघडलेलं नाही, एवढंच सांगतेय.”

“घरी कोकरांशी भांडते ती. तुझ्याशीच बोलावंसं वाटत नसेल.”

टोमणा सायराकुलताईंच्या वर्मी बसला. आमच्या गावच्या बालवाडीत मुलांना बोलतं करण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. मूल अडलं तरी त्याच्या तोंडचा शब्द आपण पुरवायचा नाही, ही त्यांची रीत. त्यांच्या हाताखाली शिकवताना, पुढ्यातला चहा गार होईपर्यंत थांबलेलं मी त्यांना पाहिलंय. पाच वर्षांच्या बेगाइमपुढे मात्र त्यांनी हात टेकले होते. सोमवारी नारिन शहराहून तपासणीची मंडळी यायची होती. पोरगी तेव्हाही गप्प राहिली, तर तिची रवानगी शहरातल्या मुक्या मुलांच्या वसतिगृहात. म्हणून ताई मला घेऊन तिच्या घरी आल्या होत्या.

झुराकाकूंची सून असिलकान खाली मान घालून चहा ओतत होती. बेगाइम तिला चिकटून, तशीच मान घालून. वर्गात असं विचारतेस तरी काय, काकूंनी खोदलं. ताई ताठ होत म्हणाल्या, रोज सकाळी पहिल्यांदा सात पूर्वजांची नावं. आपल्या लेकराला ती यायलाच हवीत. सुरुवात आजोबांपासून.

असिलकानचा हात थांबला.

“मामंजींचं नाव मी घेत नाही, ताई,” ती पुटपुटली. “गेल्या वर्षी हिनं त्यांना नावानं हाक मारली, तर हिच्या ओठांवर चापट मारली होती मी.”

ताईंनी हातातला चहा खाली ठेवला. जे उच्चारलं म्हणून पोरीनं मार खाल्ला, तेच त्या तिला रोज सकाळी, चार पोरांदेखत विचारत होत्या. आणि उत्तराची वाट बघत थांबत होत्या.

“तिच्यासमोर एकदा ते नाव घे, असिलकान. आई बोलली तरच तिची भीती जाईल.”

“माझ्या घरात?” काकू म्हणाल्या. “हिचा सासरा तिकडे अंगणात घोडा बांधतोय. तू घेतलंस का गं कधी तुझ्या सासऱ्याचं नाव?”

“नाही,” ताई म्हणाल्या.

“मग हिला कोणत्या तोंडानं सांगतेस?”

“सोमवार चार दिवसांवर आलाय, काकू. असिलकान, काय करायचं ठरवतेस?”

असिलकाननं चहाची किटली खाली ठेवली. लेकीच्या पायात बूट चढवले, तिचा हात धरला आणि दाराबाहेर पडून ती अंगणात, घोडा बांधणाऱ्या मामंजींच्या दिशेनं चालू लागली.