सतरा नंबरचा दगड

शिक्षक मरत नसतो, तो विद्यार्थ्यांत जगतो, असं प्राचार्य शोकसभेत म्हणाले. वानखडे सरांना शेवटच्या वर्षी विद्यार्थी तीन होते. भूशास्त्र विभाग बंद करण्याचा ठराव हातात पडला, सर जानेफळला घरी गेले, आणि आठवड्यानं तिकडून फोन आला... झोपेतच गेले.

मी त्याच महाविद्यालयात मराठी शिकवतो. बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगात नंबर होता. परीक्षेला दरवर्षी तेच दगड, त्यामुळे मुलं नंबर पाठ करत. सतरा म्हणजे संगमरवर. निकाल उत्तम लागे, आणि उत्तम निकालाची चौकशी कोणी करत नाही.

मग सरांची विद्यार्थिनी, देऊळघाटची सुनीता, भूजल सर्वेक्षणाच्या नोकरीची मुलाखत देऊन आली. तिथं तिच्या हातात एक दगड देऊन ओळखायला सांगितलं होतं. साधा काळा पाषाण. आख्खा जिल्हा त्याच्यावर बसलाय. ती स्टाफरूमच्या दारातच थांबली. "सर, म्या उलटा करून पाह्यला. त्याच्यावर नंबरच नव्हता."

"तुले काऊन बोल लावू बाई," सर म्हणाले. "म्याच तं शिकवलं."

त्या सुट्टीत त्यांनी सगळे नंबर खरवडून काढले. बोअरच्या नोंदी, संगणकावरचे नकाशे, पाण्याचा शोध अभ्यासक्रमात घ्या, नोकरी देणारे तेच विचारतात, अशी पत्रं विद्यापीठाला लिहिली. सूचना विचारार्थ ठेवल्याचं उत्तर आलं. अजून तिथंच असावी. इकडे परीक्षेत निम्मी मुलं नापास झाली, पालक आले, प्राचार्यांनी नंबर परत घालायला लावले. सर ब्रश घेऊन बसले. "पगार घेऊन पोराइले फसवून राह्यलो भाऊ मी." आम्ही मराठीवाले काय वेगळं करतो, असं मी म्हणालो. विनोद होता तो... त्यांनी पुढचा दगड उचलला.

पुढं प्रवेश आटत गेले. तरी शेवटची दोन वर्षं सर, जिथं बोअर चालू असेल तिथं मोटारसायकलनं जात, दर दहा फुटांवर निघालेला चुरा पिशवीत भरत, वर खोली लिहीत. मुलांनी हात घालून खडक ओळखावा म्हणून. परीक्षेत तसा प्रश्न नव्हता, तेव्हा हात कोणी घातला नाही. पिशव्यांनी अर्धी खोली भरली.

शोकसभेच्या मंडपाचे बांबू भुसभुशीत जमिनीत उभे राहीनात, म्हणून शिपायानं त्या पिशव्या आणून खड्ड्यांत रिकाम्या केल्या आणि चुरा ठोकून बसवला. प्राचार्य भूशास्त्राच्या भवितव्यावर पाऊण तास बोलले. वारं बरंच होतं. मंडप हलला नाही.