किल्ल्याला जागा

वसुबारसेच्या दुपारी, मुलं जेवायला घरी गेली असताना, आमच्या सोसायटीच्या कमिटीने आठ वर्षांच्या सानिकाचा आणि तिच्या दोस्तांचा मातीचा किल्ला फावड्याने मोडून टाकला. कारण काय, तर नव्या फरशीवर डाग पडतात!

मी खाली गेलो तेव्हा सानिका ढिगाऱ्यातून हाळिवाचे कोंब वेचत होती. डोंगरावर गवत दिसावं म्हणून पेरलेले; नुकती कुठे पानं फुटली होती.

"काका, अजून मावळेसुद्धा बसवले नव्हते," ती सेक्रेटरींना म्हणाली.

"मॉलमध्ये मोठा तयार किल्ला ठेवलाय, बेटा. बाबांना म्हणावं, घेऊन चला. फोटो पण मस्त येतात."

"त्याला हात लावू देतात?"

सेक्रेटरी मोबाइलमध्ये बघू लागले.

मी त्या इवल्या कोंबांकडे बघत राहिलो. सुट्टी म्हणजे मुलांना कुठेतरी नेऊन दाखवायची वस्तू झाली आहे. दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, बघायचं, काहीतरी खायचं, परत यायचं. नखांत माती जाईल अशी वीतभर जागा आपण त्यांना ठेवली नाही, आणि वर म्हणतो, पोरं घराबाहेर पडत नाहीत!

सानिकाला किल्ला पुन्हा करायचाय. दिवाळी अजून हातात आहे. तेव्हा शेजाऱ्यांनो, नुसती हळहळ नको. उद्या सकाळी गॅलरीतल्या कुंडीतली माती घेऊन खाली या, आणि सेक्रेटरींनी विचारलं तर मुलांकडे बोट न दाखवता स्वतःचं नाव सांगा.