पोवळी बघायला गेलेली आत्या

आमच्या आत्याला पाण्याची इतकी धास्ती होती, की परातीत पाय धुतानाही ती भिंतीला धरून उभी राहायची. सारोळ्याचं आमचं घर नीरेपासून हाकेच्या अंतरावर. पण घरात एकालाही पोहता येत नव्हतं. आत्याची ताकीदच होती, "नदी लांबनं बघायची. ती काय आपली पाव्हणी न्हाई." तिचा सहा वर्षांचा मुलगा याच नदीत बुडून गेला, तेव्हापासून ती सासर सोडून आमच्याकडेच राहत होती. त्यामुळे वडीलसुद्धा तिच्यापुढे हूं की चूं करत नसत.

बाकी बाई भलती चौकस! गळ्यात पोवळ्यांची माळ होती, आणि पोवळं झाडाला लागतं की खाणीत सापडतं, यावरून तिनं सोनारालाही भंडावून सोडलं होतं. माझा थोरला भाऊ मालवणला मास्तर झाला आणि त्यानं पत्रात लिहिलं, इथं ओहोटीला पोवळ्याचे खडक उघडे पडतात. झालं! "डोळ्यांनी बघितल्याबिगर म्या मरत न्हाई," असा आत्यानं धोशाच लावला. उन्हाळा लागताच आई, वडील, धाकटा भाऊ आणि मी, सगळं लटांबर तिच्यामागे कोल्हापूरवरून मोटारीची धूळ खात मालवणला पोचलं.

थोरला म्हणाला, "शाळेतून आलो की मी नेतो." थांबेल ती आत्या कसली! पाणी पार मागे हटलेलं पाहून ती खडकांवरून चालायला लागली, तिच्या पदराला धरून आम्ही. एका डबक्यावर वाकली आणि ओरडली, "अगं बया! हितं तर कुणी कुरडया वाळत घातल्यात!" तपकिरी, जाळीदार, पाण्याखाली पसरलेल्या. लाल पोवळं एकही नाही म्हणून जरा हिरमुसली, पण मग डबक्यामागून डबकं बघत सुटली. वडील चाचरत म्हणाले, "आक्का, पाणी परत येतं म्हनं."

"काय तरी तुजं! उतार पडला की पडला. आपली नदी आखाडाच्या आधी माघारी येती का?"

आम्हांला पटलं. आम्ही तिथंच दशम्या सोडून बसलो.

दशम्या संपेतो आमच्या आणि किनाऱ्याच्या मधे समुद्र आला होता. खडकावर पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. आत्यानं आम्हां दोघा भावंडांना असं कवटाळलं, की तिची नखं रुतली. शेवटी तिच्याच वयाची एक कोळीण काष्टा खोचून पोहत आली आणि मागून तिच्या नवऱ्यानं होडी आणली. आम्हांला पोत्यांसारखं होडीत चढवताना, आम्ही नीरेकाठचे हे वडिलांकडून ऐकून कोळीण म्हणाली, "गावात नदी आसा, आणि पोरांक पवाक येना नाय?"

आत्या त्या रात्री जेवली नाही. मला जवळ घेऊन रडली. "म्या भ्याले, आन् तुमालाच बुडवायला निघाले व्हते गं."

सारोळ्याला परतल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर माझ्या पाठीला तरंगायला वाळका भोपळा बांधला. आई चपापली, "आन् पोरीला वो?"

"पाण्याला कळतंय व्हय, पोर का पोरगी?"

शिकवायला शेजारचे अण्णा. आत्या काठावर बसून मला धीर द्यायची आणि अण्णांना शिव्या. महिन्याभरानं मी भोपळ्याविना डोह ओलांडला. पलीकडे पोचून मागे वळले, तर आत्या छातीइतक्या पाण्यात उभी, दोन्ही हात माझ्याकडे पसरलेले. आपण कधी उतरलो, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"बघतीस काय?" ती ओरडली. "ये हिकडं, आन् मला भाईर काड!"